कायम आणि कंत्राटी : एकाच कामाचे दोन हजेरीपट

आपल्या समाजातील नोकरदार वर्गाचा विचार करताना एक गोष्ट हल्ली प्रकर्षाने जाणवते. एकाच वस्तीत, पुष्कळदा एकाच घरात, एक भाऊ कायम नोकरीत असतो आणि दुसरा ठेकेदाराकडे. दोघेही एकाच खात्याचे काम करतात, एकाच चौकीवर हजेरी लावतात, एकाच रस्त्यावर झाडू मारतात किंवा एकाच कारखान्याच्या फाटकातून आत जातात. परंतु एकाचे नाव खात्याच्या मस्टरवर असते व दुसऱ्याचे ठेकेदाराच्या वहीत. वस्तीत हे दोघे शेजारी असतात आणि विहारात एकाच सतरंजीवर बसतात, पण कामाच्या ठिकाणी ते एकमेकांकडे संशयाने पाहतात. हा संशय कोठून येतो, तो कोणाच्या पथ्यावर पडतो आणि परमपूज्य बाबासाहेबांचे विचार व भगवान बुद्धांचा धम्म यांच्या प्रकाशात आपण त्याकडे कसे पाहावे, याचा अभ्यास प्रस्तुत लेखात आम्ही करीत आहोत. संस्थेच्या सभासदांत दोन्ही प्रकारचे कामगार आहेत आणि उद्या नोकरीच्या शोधात निघणारे विद्यार्थीही आहेत. म्हणून हा विषय आपल्या घरचाच आहे.

भांडण कसे उभे राहते

प्रथम दोन्ही बाजू नीट ऐकून घेतल्या पाहिजेत. दोन्हीकडे काही खरे आहे.

कायम कामगार म्हणतो, "आम्ही रोजगार विनिमय केंद्रात नाव नोंदवले, परीक्षा दिली, मुलाखत दिली, वर्षानुवर्षे वाट पाहिली, तेव्हा कुठे नोकरी लागली. हे लोक ठेकेदाराच्या ओळखीने आत आले. आम्ही संप केला की यांनाच आत घेऊन काम चालू ठेवतात. आमच्यापैकी एक निवृत्त झाला की ती जागा भरत नाहीत, तिथे कंत्राटी उभा करतात. म्हणजे आमच्या मुलांच्या जागा हेच खातात."

कंत्राटी कामगार म्हणतो, "काम तेच, पण पगार निम्म्याहूनही कमी. यांना रजा, बोनस, ग्रॅच्युइटी, दवाखाना. आम्हाला एक दिवस खाडा झाला की पैसे कापले जातात. जड काम, घाण काम, रात्रीचे काम आमच्या वाट्याला. हे सावलीत उभे राहून मुकादमासारखी आज्ञा करतात. पाणी प्यायला गेलो तर यांचा माठ वेगळा. युनियन यांची, वाटाघाटी यांच्या. आमचे नाव कुठेच नाही."

यातील काही प्रकार तर लाजिरवाणे आहेत. कायम कामगाराने आपल्या जागी थोडे पैसे देऊन दुसऱ्याला कामाला पाठवायचे आणि स्वतः दुसरा धंदा करायचा, असेही काही ठिकाणी घडते. उलट बाजूला, उद्या कायम करू अशा आशेवर साहेबाकडे कायम कामगाराच्या चहाड्या नेणारेही असतात. अशा रीतीने एकाच कामाच्या दोन हजेरीपटांतून दोन जाती तयार होतात. जात हा शब्द आम्ही मुद्दाम वापरीत आहोत. त्याचे कारण पुढे येईल.

पैसा कोठे जातो

भांडणात माणसे एकमेकांकडे पाहतात, हिशेबाकडे पाहत नाहीत. म्हणून आधी हिशेब मांडू. पुढील आकडे केवळ समजण्यासाठी घेतलेले आहेत, ते कोणत्याही एका ठिकाणचे नाहीत.

समजा, कायम कामगारावर खात्याचा महिन्याला एकूण ४०,००० रुपये खर्च होतो. खात्याने तेच काम निविदा काढून ठेकेदाराला दिले. सर्वांत कमी दराची निविदा मंजूर झाली, ती माणशी २२,००० रुपयांची. कामगाराच्या हातात प्रत्यक्ष पडतात १३,००० रुपये. आता पाहा. ४०,००० आणि १३,००० यांत २७,००० रुपयांचा फरक आहे. त्यातील १८,००० खात्याने वाचवले. उरलेले ९,००० ठेकेदाराकडे राहिले. त्यातून त्याने फंड, विमा, गणवेश, देखरेख यांचा खर्च भागवायचा आणि बाकी नफा. फंड भरला नाही, गमबूट आणि हातमोजे दिले नाहीत, तर तेवढा नफा वाढतो. निविदा कमी दरातच मिळवायची असल्यामुळे सचोटीचा ठेकेदार मागे पडतो आणि कापाकापी करणारा पुढे जातो, हा या पद्धतीचा अंगभूत दोष होय.

या २७,००० रुपयांतला एक रुपयाही कायम कामगाराच्या खिशात जात नाही. तरीही कंत्राटी कामगाराचा राग त्याच्यावर निघतो, कारण तो समोर दिसतो आणि निविदा मंजूर करणारा दिसत नाही. कायम कामगारालाही साहेब ऐकवतो की तुझ्या एका पगारात तीन माणसे येतात. हेही खोटे आहे. २२,००० च्या दराने ४०,००० मध्ये दोन माणसेदेखील येत नाहीत. परंतु ही धमकी काम करते. कायम कामगार पगारवाढ मागायला कचरतो आणि कंत्राटी कामगार तर उद्या कामावर असू की नाही या भीतीने तोंडच उघडत नाही. दोघांच्या भीतीचा लाभ तिसऱ्याला होतो.

हे प्रमाण वाढतच आहे. सरकारच्या वार्षिक उद्योग पाहणीनुसार २००० सालाच्या सुमारास नोंदणीकृत कारखान्यांत पाच कामगारांमागे एक कंत्राटी होता. २०२२-२३ मध्ये हे प्रमाण पाचांमागे दोन इतके झाले. याचा अर्थ असा की कायम कामगार आज ज्या फांदीवर बसला आहे, ती दरवर्षी आखूड होत आहे.

बाबासाहेबांनी पाहिलेली फूट

कामगारांमधील ही उतरंड नवी नाही. १९३६ साली 'जातिप्रथेचे विध्वंसन' या ग्रंथात बाबासाहेबांनी दाखवून दिले की जातीमुळे नुसते काम विभागले जात नाही, तर काम करणारी माणसेच एकमेकांपासून तोडली जातात आणि एकावर एक रचली जातात. या उतरंडीत प्रत्येकाच्या पायाखाली कोणीतरी असतो, म्हणून वरच्याविरुद्ध उठण्याऐवजी तो खालच्याला दाबण्यात समाधान मानतो.

हे त्यांनी केवळ गावगाड्याबद्दल सांगितले नव्हते. मुंबईच्या कापड गिरण्यांत अस्पृश्य कामगारांना विणाई खात्यात प्रवेश नव्हता. धोट्यातील कांडीचा धागा तोंडाने ओढावा लागे आणि अस्पृश्याचे तोंड लागलेला धोटा इतर विणकरांना चालत नसे. विणाई खात्यात पगार चांगला होता. तो दरवाजा मालकाइतकाच सोबतच्या कामगारांनी बंद ठेवला होता. १९२८ च्या मोठ्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला. रेल्वेतही तेच. अस्पृश्य गँगमन जन्मभर गँगमनच राही. त्याला हमालाची म्हणजे पोर्टरची जागासुद्धा मिळत नसे, कारण स्टेशनमास्तर पोर्टरकडून घरची कामे करून घेत.

फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाड येथे जी. आय. पी. रेल्वेतील दलित वर्गाच्या कामगारांची परिषद भरली. तिच्या अध्यक्षपदावरून बोलताना बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू सांगितले. ब्राह्मणशाही म्हणजे एखादी जात नव्हे, तर स्वातंत्र्य, समता आणि बंधुता नाकारणारी वृत्ती होय, आणि ती कोणत्याही जातीत शिरू शकते, हेही त्यांनी स्पष्ट केले. दलित कामगारांची वेगळी परिषद घेऊन तुम्ही कामगारांत फूट पाडता, हा आक्षेप त्यांच्यावर होता. त्यांचे म्हणणे असे की फूट अन्यायाची तक्रार करणाऱ्यामुळे पडत नाही, सोबतच्या कामगाराचा हक्क नाकारणाऱ्यामुळे पडते. आणि हक्काचा प्रश्न आला तेव्हा ते सर्वांबरोबर उभे राहिले. त्याच वर्षी ७ नोव्हेंबर रोजी औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध झालेल्या संपात त्यांचा स्वतंत्र मजूर पक्ष साम्यवादी कामगार नेत्यांच्या खांद्याला खांदा लावून उतरला.

हा धडा आज आपल्याला लागू करावयाचा आहे. कंत्राटी कामगार तक्रार करतो म्हणून युनियन फुटते, असे जे म्हणतात त्यांनी मनमाड आठवावे. आणि आपल्यापैकी जो कायम नोकरीत आहे त्याने स्वतःला विचारावे की ज्या धोट्याला आपल्या आजोबांचे तोंड लागू दिले नाही, तसाच एखादा धोटा आज आपण दुसऱ्यापासून लांब ठेवीत नाही ना?

तीन उदाहरणे

पहिले उदाहरण दल्ली-राजहराचे. हा भाग आज छत्तीसगडमध्ये आहे, तेव्हा मध्य प्रदेशात होता. भिलाई पोलाद कारखान्याला लागणारे लोहखनिज येथील खाणींतून जाते. खाणींत खात्याचे कायम कामगार होते आणि हाताने दगड फोडणारे हजारो कंत्राटी कामगार होते. १९७७ साली मान्यताप्राप्त युनियननी बोनसचा करार केला. त्यात कायम कामगाराला ३०८ रुपये आणि कंत्राटी कामगाराला ७० रुपये ठरले. ही तफावत कामगारांच्याच पुढाऱ्यांच्या सहीने झाली, हे कंत्राटी कामगारांना असह्य झाले. ते त्या युनियनमधून बाहेर पडले आणि शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखाली मार्च १९७७ मध्ये छत्तीसगड माइन्स श्रमिक संघ उभा राहिला. जूनमध्ये पोलीस गोळीबार होऊन अकरा जणांचा बळी गेला, तरी संघ मोडला नाही. पुढे त्याने दारूबंदीची मोहीम चालवली आणि १९८३ मध्ये कामगारांच्या श्रमातून व वर्गणीतून शहीद रुग्णालय उभे केले. १९९१ मध्ये नियोगींची हत्या झाली. येथे लक्षात घ्यावयाचे ते हे की जुन्या युनियनने कंत्राटी कामगाराला ७० रुपयांचा समजले, आणि त्या दिवसापासून त्या खाणींतील चळवळीचे पुढारपण तिच्या हातून निसटले.

दुसरे उदाहरण आपल्या मुंबईचे आणि याच्या अगदी उलट आहे. ट्रॉम्बे येथे स्टँडर्ड व्हॅक्यूम कंपनीचा तेलशुद्धीकरण कारखाना होता. तेथील साफसफाई आणि देखभालीचे काम ठेकेदारामार्फत होत असे. ठेकेदाराच्या माणसांना कायम कामगारांच्या सवलती नव्हत्या. हा वाद उभा केला कोणी? कंपनीच्या कायम कामगारांनी. कंपनीचे म्हणणे होते की दुसऱ्याच्या नोकरांबद्दल तुम्हाला बोलण्याचा अधिकारच नाही. १९६० साली सर्वोच्च न्यायालयाने ते म्हणणे फेटाळले आणि कायम कामगारांचे हितसंबंध कंत्राटी कामगारांच्या हितसंबंधांशी जोडलेले आहेत हे मान्य केले. सफाईचे काम रोजचे आहे, बारमाही आहे, कारखान्याला आवश्यक आहे आणि त्याला पूर्णवेळ माणसे लागतात, म्हणून ते कंत्राटाने देऊ नये, हा न्यायाधिकरणाचा निर्णय कायम राहिला. याच कसोट्या पुढे १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात आल्या. स्वतःच्या मस्टरवर नसलेल्या माणसांसाठी काही कायम कामगार उभे राहिले आणि त्याचा उपयोग साऱ्या देशातील कामगारांना झाला. अशी वृत्ती अधूनमधून पुन्हा दिसते. ऑक्टोबर २०११ मध्ये हरियाणातील मानेसर येथील मोटार कारखान्यात कायम कामगारांनी पुन्हा ठिय्या दिला, तो तडजोडीनंतर बाहेर ठेवलेल्या कंत्राटी साथीदारांना परत घ्यावे म्हणून होता.

तिसरे उदाहरण मुंबई महानगरपालिकेच्या कंत्राटी सफाई कामगारांचे. यांतील मोठा भाग दलित समाजातील आहे आणि बरेच जण दुष्काळी भागातून पोटासाठी मुंबईत आलेले आहेत. शहराचा कचरा रोज उचलायचा, पण कागदोपत्री त्यांना कामगार न म्हणता स्वयंसेवक म्हणायचे, असाही प्रकार झाला. त्यांना स्वतःची संघटना उभारावी लागली, ती कचरा वाहतूक श्रमिक संघ. औद्योगिक न्यायाधिकरणाने २०१४ मध्ये २,७०० कामगारांना कायम करण्याचा निकाल दिला आणि ७ एप्रिल २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. परंतु निकालानंतरही अनेकांना वाट पाहावी लागली. कारण काय, तर ठेकेदाराच्या कागदावरचे नाव आणि रेशनकार्डावरचे नाव यांत अक्षरांचा फरक! वर्षानुवर्षे कचरा उचलणारा माणूस एका वेलांटीसाठी परका ठरला. ही गोष्ट आपल्या विद्यार्थ्यांनी विसरू नये. कामगाराच्या कागदपत्रांचे काम शिकलेल्या मुलामुलींनी केले, तर तीही मोठी समाजसेवा होय.

कायदा काय म्हणतो

१९७० च्या कायद्याने कंत्राटी पद्धत सरसकट बंद केली नाही. बारमाही स्वरूपाच्या कामात ती बंद करण्याचा अधिकार सरकारला दिला आणि इतरत्र तिचे नियमन केले. महाराष्ट्राच्या नियमांत समान कामाला समान वेतनाची अटही होती. न्यायालयांचा कौल मात्र बदलत गेला. एअर इंडियाच्या खटल्यात डिसेंबर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की कंत्राटी पद्धत बंद झाली की ते कामगार आपोआप मूळ मालकाचे होतात. ऑगस्ट २००१ मध्ये स्टील ऑथॉरिटीच्या खटल्यात घटनापीठाने हे मत फिरवले. आपोआप कायम होण्याचा हक्क नाही, मात्र कंत्राट केवळ बनावट, देखाव्यापुरते असेल तर कामगार मूळ मालकाचेच समजावेत, असे ठरले. तेव्हापासून सारी लढाई पुराव्याची झाली आहे. हजेरी कोण घेतो, काम कोण सांगतो, रजा कोण देतो, शिक्षा कोण करतो, ठेकेदार बदलला तरी माणसे तीच राहतात काय, या गोष्टी सिद्ध कराव्या लागतात. सरकारी खात्यांनी थेट नेमलेल्या तात्पुरत्या कर्मचाऱ्यांबद्दल ऑक्टोबर २०१६ मध्ये पंजाबच्या खटल्यात समान कामाला समान वेतनाचे तत्त्व पुन्हा सांगितले गेले.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार कामगार संहिता अमलात आल्या आणि १९७० च्या कायद्याची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० हिने घेतली. तिच्यातील काही गोष्टी प्रत्येकाने माहीत करून घ्याव्यात. कंत्राटी कामगारांसंबंधीच्या तरतुदी पन्नास किंवा अधिक कंत्राटी कामगार असलेल्या ठिकाणी लागू होतात. पूर्वीच्या केंद्रीय कायद्यात ही संख्या वीस होती, म्हणजे लहान ठिकाणचे कामगार कक्षेबाहेर गेले. आस्थापनेच्या मूळ कामात कंत्राटी कामगार ठेवण्यास मनाई आहे, पण तिला अपवाद आहेत. सफाई, पहारा, उपाहारगृह, माल चढविणे-उतरविणे ही कामे मूळ काम समजली जात नाहीत, मात्र आस्थापनाच त्या कामासाठी असेल तर गोष्ट वेगळी. येथे आमचे मत असे की रस्त्यांची सफाई हे महानगरपालिकेचे बंधनकारक कर्तव्यच आहे. मुंबई महानगरपालिकेच्या १८८८ च्या कायद्यात ते तसे नमूद आहे. मग ते मूळ काम नव्हे, असे कसे म्हणता येईल? हा मुद्दा संघटनांनी सोडता कामा नये.

जमेच्या बाजूही आहेत. ठेकेदाराने पगार बुडवला तर तो देण्याची जबाबदारी मूळ मालकावर येते. पिण्याचे पाणी, विश्रांतीची जागा, प्रथमोपचार या सोयी मूळ मालकाने द्यावयाच्या आहेत. प्रत्येकाला नेमणूकपत्र मिळाले पाहिजे आणि कंत्राटी कामगाराने मागितल्यास अनुभवाचा दाखला दिला पाहिजे.

आपल्या समाजापुढील विशेष धोका

१९९० मध्ये केंद्र सरकारने कायदा दुरुस्त करून बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती लागू केल्या. केंद्राच्या नोकऱ्यांचे दार आपल्यासाठी उघडले. पुढच्याच वर्षी, १९९१ मध्ये, नवे आर्थिक धोरण आले आणि सरकारी जागा कमी करण्याची, कामे बाहेर देण्याची सुरुवात झाली. कायम जागेला आरक्षण असते, तशी बिंदुनामावली ठेकेदाराच्या वहीत नसते. म्हणून कायम जागा कंत्राटी झाली की नुसता पगार जात नाही, आरक्षणही जाते. सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने नऊ खाजगी संस्थांमार्फत बाह्यस्रोतांतून भरती करण्याचा निर्णय काढला. तरुणांनी आणि संघटनांनी त्याला जोरदार विरोध केला आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये तो मागे घ्यावा लागला. संघटित विरोधाचा उपयोग होतो, हे यावरून दिसते.

यात एक विसंगती आहे. शिपाई, पहारेकरी, सफाई कामगार, वॉर्डबॉय या चतुर्थ श्रेणीच्या जागांनी आपल्या दोन पिढ्यांना शहरात उभे केले. त्याच पगारावर मुले शिकली. लाड-पागे समितीच्या शिफारशींमुळे सफाई कामगाराच्या वारसाला नोकरीचा आधार मिळाला. परंतु त्याच चौकीवर तेच काम करणाऱ्या कंत्राटी कामगाराच्या वारसाला काहीच नाही. जी शिडी चढून आपण वर आलो तिची पायरी खालून काढली जात असताना वरच्याने गप्प बसणे, हा आपल्याच इतिहासाचा विसर होय.

धम्माच्या प्रकाशात

दीघनिकायातील सक्कपञ्ह सुत्तात देवांचा राजा सक्क भगवान बुद्धांना विचारतो की सर्वांना वैराविना राहावेसे वाटते, तरीही सारे वैरातच का राहतात? भगवंतांनी इस्सा आणि मच्छरिय ही दोन बंधने कारण म्हणून सांगितली. दुसऱ्याला मिळालेले न बघवणे म्हणजे इस्सा, ईर्ष्या. आपल्याला मिळालेले दुसऱ्याला मिळू नये असे वाटणे म्हणजे मच्छरिय, मात्सर्य. कंत्राटी कामगाराला ईर्ष्या ग्रासते आणि कायम कामगाराला मात्सर्य. मात्सर्याचे पाच प्रकार सांगितले आहेत, त्यांत लाभमात्सर्य हा एक आहे. युनियनच्या दारावर कंत्राटी कामगाराला अडवणारे हेच लाभमात्सर्य होय. त्यावरचा उपाय मुदिता, म्हणजे दुसऱ्याच्या भल्याने आनंद मानणे. पण मुदिता नुसती मनात ठेवायची नाही. करारात कंत्राटी कामगाराची मागणी लिहिली गेली तर ती कृतीत आली असे समजावे.

सिगालोवाद सुत्तात मालकाची पाच कर्तव्ये सांगितली आहेत. शक्तीप्रमाणे काम द्यावे, अन्न व वेतन द्यावे, आजारात काळजी घ्यावी, विशेष पदार्थ वाटून खावेत आणि वेळेवर सुटी द्यावी. नोकरानेही चोख काम करावे, दिलेले तेवढेच घ्यावे, मालकाचा लौकिक राखावा. कंत्राटी पद्धतीत ही पाच कर्तव्ये कोण करतो? खाते ठेकेदाराकडे बोट दाखवते व ठेकेदार खात्याकडे, आणि आजारी कामगार दोघांच्या मध्ये पडतो. मालक कोण हे कळू नये, हाच या पद्धतीचा डाव आहे.

विनयात उपालीची कथा आहे. शाक्य कुमार प्रव्रज्येसाठी निघाले तेव्हा त्यांचा न्हावी उपाली त्यांच्यासोबत होता. आपला वंशाभिमान मोडावा म्हणून त्या कुमारांनीच विनंती केली की उपालीला आधी दीक्षा द्यावी. म्हणजे तो ज्येष्ठ होईल आणि आम्हाला त्याला वंदन करावे लागेल. संघात ज्येष्ठता जन्मावरून ठरत नव्हती, प्रवेशाच्या दिवसावरून ठरत होती. ज्याने वीस वर्षे झाडू धरला त्याची सेवा कागद मिळाल्या दिवसापासून नव्हे, झाडू धरल्या दिवसापासून मोजावी, ही मागणी आम्हाला धम्माला धरून वाटते.

आपण काय करावे

कायम कामगारांनी आपल्या युनियनच्या घटनेत कंत्राटी कामगारांना सभासदत्व खुले करावे आणि प्रत्येक मागणीपत्रात त्यांची निदान एक मागणी घालावी. आपल्या जागी दुसऱ्याला पाठवण्याचा प्रकार पूर्ण बंद करावा. पाण्याचा माठ, बसण्याची खोली आणि जेवणाची जागा एक करावी, याला कोणाच्या मंजुरीची गरज नाही.

कंत्राटी कामगारांनी नेमणूकपत्र, ओळखपत्र, पगाराची चिठ्ठी, फंडाचा क्रमांक आणि हजेरीच्या नोंदी जपून ठेवाव्यात. सर्व कागदांवर नाव एकाच पद्धतीने लिहून घ्यावे. संप असेल तेव्हा आत जाऊन काम करू नये, आणि संपापूर्वी आपली मागणीही त्यात घालून घ्यावी. एकाने साथ द्यायची आणि दुसऱ्याने विसरायचे, असे होऊ नये.

विद्यार्थ्यांनी आठवड्यातून एक दिवस विहारात बसून कामगारांचे अर्ज लिहावेत, कागद तपासावेत, फंडाची नोंद पाहून द्यावी.

अभ्यासवर्गासाठी प्रश्न

१. आपल्या वस्तीत कायम व कंत्राटी कामगार किती आहेत? त्यांची कामे कोणती?

२. ट्रॉम्बेच्या कायम कामगारांनी आणि दल्ली-राजहराच्या जुन्या युनियननी घेतलेल्या भूमिकांत फरक कोणता? त्याचे परिणाम काय झाले?

३. इस्सा आणि मच्छरिय यांची आपल्या कामाच्या ठिकाणची दोन-दोन उदाहरणे सांगा.

४. कायम जागा कंत्राटी झाल्यावर आरक्षणाचे काय होते?

५. आपल्या युनियनच्या पुढील मागणीपत्रात कंत्राटी कामगारांची कोणती मागणी घालता येईल?

बंधू-भगिनींनो, या प्रश्नांची उत्तरे दोन्ही प्रकारच्या कामगारांनी एकत्र बसून लिहावीत, अशी आमची विनंती आहे. त्यासाठी विहाराची सतरंजी पुरेशी मोठी आहे.

भवतु सब्ब मंगलं. जय भीम.